डोक्याचा मान

परवा माझ्या सुनेनं मोबाइलवरून जिताडा मागवला. मासा दारात आला तो बर्फाच्या पिशवीत, एकसारखे तुकडे करून, वर ‘साफ केलेला’ अशी चिठ्ठी चिकटवून. मी तुकडे उलटेपालटे करून पाहिले आणि विचारलं, "डोकं कुठाय?" ती म्हणाली, "आई, डोकं तेच टाकून देतात. खातं कोण?" यावर मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. जिताड्याच्या एका डोक्यापायी ज्या घरात जमत आलेलं लग्न मोडायची वेळ आली होती, त्या घरात मी वाढले आहे. तिला काय सांगणार? ती म्हणाली असती, "आई, तुम्ही लिहून का नाही काढत?" आणि स्वतः मोबाइल घेऊन बसली असती. म्हणून मीच आपणहून लिहायला बसले.

महाडला समुद्र नाही. पण सावित्री आहे, आणि भरतीचं पाणी दासगावच्या खाडीतून वर चढत चढत महाडच्या अंगाला येतं, तेव्हा त्याच्याबरोबर मासाही येतो. आमचे अण्णा मूळचे दासगावचे. महाडच्या कचेरीत ते कारकून होते, पांढरा लेंगा-शर्ट घालत, शुद्ध बोलत, आणि खिशाला पेन लावल्याशिवाय घराबाहेर पडत नसत, अगदी मासळीबाजारात जातानासुद्धा. पण आत खोलवर ते खाडीचेच राहिले होते. आम्ही बौद्ध; आमच्या घरात एकादशी-चतुर्थीला कुणी पुसत नव्हतं. तरी सगळ्या आळीत तिथ्या तोंडपाठ कुणाला असतील तर त्या अण्णांना, कारण तिथीवर उधाण आणि उधाणावर मासा. शेजारच्या मास्तरीणकाकू अगदी सोवळ्या, पण कॅलेंडर हाताशी नसलं की कुंपणावरून अण्णांनाच विचारत, "भाऊसाहेब, संकष्टी कधी हो?" अण्णा आकाशाकडे बघून सांगत, "परवा. पण उधाण अजून ओसरलं नाही, बोय चांगली मिळेल." काकू पदर नाकाला लावून आत जात. पुढच्या महिन्याला पुन्हा विचारायला येत.

मासा निवडायचा तो अण्णांनीच. घरातल्या दुसऱ्या कुणाचा त्यात हात चालत नसे. बाजारात गेले की आधी सगळ्या पाट्यांवरून रिकाम्या हातानं एक फेरी. दुसऱ्या फेरीत फक्त बघायचं. तिसऱ्या फेरीला उकिडवं बसायचं, कल्ला उचलून आतला रंग पाहायचा, पोटाला अंगठा दाबून खळगा पडतो का ते बघायचं, डोळा वर आलाय की आत गेलाय ते निरखायचं, शेवटी नाकाशी धरून डोळे मिटायचे. मग निर्णय. तो कचेरीच्या भाषेतच यायचा. "नामंजूर," म्हणून मासा पाटीत परत ठेवला की आमची नेहमीची कोळीण चांगूबाई कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "भाऊसायेब, मासा घ्याचा हाय का त्याची जबानी लिवाची हाय?" पिशवी धरून मी मागे उभी असायची. तोवर अर्धा बाजार उठलेला असायचा, आणि अण्णांनी पहिल्या फेरीत मनात धरलेला मासा दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या पिशवीत जाऊन पडलेला असायचा. तो माणूस चालता चालता मासा घेई, वाकत देखील नसे. अण्णा त्याचा राग राग करत. म्हणत, "त्याला मासा कळत नाही." त्याच्या घरी मात्र आमच्याआधी कालवण उकळत असे.

आई पोलादपूरची. पोलादपूर म्हणजे घाटाच्या अगदी पायथ्याशी; तिथे खाडी नाही, तिथे मासा पोचायचा तो सुका होऊन. तिच्या माहेरी जवळा, सुके बोंबील, नदीतले खेकडे आणि ओढ्यातले बोटभर मळये, यावर सगळं घर पोसलेलं. त्यामुळे सासरी आल्या दिवसापासून तिच्या कपाळावर शिक्का बसला: हिला मासा कळत नाही. आमचे दासगावचे आजोबा म्हणत, "पोलादपूरवाल्यांनी बोंबील हुंगला की त्यांना वाटतं समुद्र बघितला." माझ्या आठवणीत आजोबा नव्हते, पण त्यांचे हे शेरे अण्णांनी जपून ठेवले होते आणि जेवताना एखादा काढत. आई ऐकून घ्यायची. ती विळीवर बसायची, राखेत घोळवून मासा कापायची, आजूबाजूला बसलेल्या मांजरांशी काहीबाही बोलायची. ओलं खोबरं, लसूण, मिरची पाट्यावर वाटताना जो घसघस आवाज यायचा तो संपला आणि आंबटाला आंबोशी पडली की वास सगळ्या आळीत फिरायचा. तांदळाची भाकरी तिच्यासारखी कुणालाच जमत नसे. आणि सगळ्यांचं झालं की ती चुलीपाशीच बसून शेपटीचा तुकडा आणि रस्सा घेऊन जेवायची. तिच्या ताटात आणखी काय असतं, हे त्या वयात मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

आता डोक्याचं सांगते. जिताडा आमच्याकडे साधासुधा मासा नव्हे. साहेबाला भेट द्यायची, जावयाचा पाहुणचार करायचा, तर जिताडा. आणि त्यात डोकं म्हणजे मान. आमच्या आजोबांनी त्याचा कायदाच करून ठेवला होता. डोकं पंगतीतल्या मानाच्या माणसाला द्यायचं. ज्याच्या ताटात डोकं, शब्द त्याचा. सोयरीक असो की बांधाचं भांडण, तो डोकं संपवून तोंड उघडेपर्यंत बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही, आणि तो बोलेल ते ऐकायचं. शिवाय डोकं खाऊन ताटात काय उरतं यावरून माणूस ओळखायचा. अर्धवट चिवडून टाकणारा तो उधळ्या, हात न लावणारा तो गर्विष्ठ, नीट सोलून खाणारा तो संसाराचा. हसू येईल, पण अण्णा हे सगळं कचेरीतल्या परिपत्रकाइतकं खरं मानत. आणि त्याला कारणही होतं.

अण्णांना एक मोठी बहीण, आमची आत्या. तिला घाटावर दिली होती. बघायला आलेल्या मुलाच्या ताटात आजोबांनी डोकं वाढलं तेव्हा त्यानं ताट पुढे सरकवलं आणि रुमाल नाकाला लावला. नोकरीचा मुलगा म्हणून आजोबांनी स्वतःचाच कायदा गुंडाळून ठेवला आणि मुलगी दिली. त्या घरात मग मासा म्हणून कधी शिजला नाही. आत्या मे महिन्यात आमच्याकडे यायची आणि सकाळ-संध्याकाळ मासे खायची, बोलायचीसुद्धा नाही, फक्त खायची. आम्हा मुलींना त्याचं हसू यायचं. जाताना आई तिच्या पिशवीत तळाशी, मेणकापडात बांधून सुके बोंबील घालायची. एकदा नवऱ्याला वास आला, आणि त्यानं ती पुडी साताऱ्याच्या स्टँडवरच भिरकावून दिली. अण्णा हे सांगताना आवाज चढवत नसत. चष्मा काढून पुसत. मग म्हणत, "डोकं ताटात तसंच राहिलं होतं. आम्ही सगळ्यांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. माझ्या मुलींच्या बाबतीत हे होणार नाही." आम्ही दोघी मुली मान डोलवायचो. त्या मान डोलवण्याचं पुढे काय होणार आहे ते कुणाला ठाऊक होतं?

कमलताई माझ्याहून मोठी, बिरवाडीच्या शाळेत शिक्षिका. रोज एसटीनं जायची-यायची. बिरवाडीला तेव्हा कारखाने नुकते वाढत होते आणि घाटावरून आलेली पोरं एकेका खोलीत चौघं-पाचजण भाड्यानं राहात. त्यातला एक आनंदा. साताऱ्याकडचा, आपल्यातलाच, कारखान्यात कामाला. एसटीत ताईला जागा धरून ठेवायचा. पुढे ताई त्याच्यासाठी जागा धरायला लागली, तेव्हा मी काय समजायचं ते समजले. मुलगा सरळ, निर्व्यसनी, नोकरी पक्की, समाजातला. खोट काढायला जागाच नव्हती. पण आनंदाच्या जन्मात मासा एकदाच आला होता, आणि तो आणला होता आमच्या ताईनं. प्रेमाच्या भरात तिनं डबा भरून नेला, तोही काट्यांनी भरलेल्या बोयीच्या कालवणाचा. त्यानं बटाटा खावा तसा तुकडा तोंडात घातला आणि गिळला. मग काय व्हायचं ते झालं. काटा अडकला. खोलीतल्या पोरांनी पाठीत गुद्दे घातले, कुणी कोरड्या भाताचे गोळे गिळायला लावले, कुणी केळी आणली. गोळ्यांनी की गुद्द्यांनी कोण जाणे, काटा एकदाचा उतरला, पण त्या दिवसापासून आनंदाचं मत ठाम झालं. तो ताईला म्हणाला, "मास्तरीण, तुमच्यासाठी जीव दीन म्हणालो हुतो, पर असा न्हाई."

इकडे मध्यस्थांमार्फत गोष्ट अण्णांच्या कानावर गेली. मुलगा घाटावरचा म्हटल्यावर अण्णांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग म्हणाले, "वडीलधारे मागाहून येऊ देत. आधी मुलाला एकट्याला जेवायला बोलवा. पौर्णिमेनंतरचा रविवार. उधाण आहे." आईनं विचारलं, "काय करू जेवायला?" अण्णा म्हणाले, "जिताडा. आणि डोकं त्याला." ताई त्या वेळी भाकऱ्या थापत होती. तिची भाकरी तव्यावर काळी झाली तरी तिला कळलं नाही.

रात्री अंथरुणात ताईनं माझा हात धरला. "शकू, डोकं समोर आलं ना, तर तो उठून पळेल गं. आणि अण्णा एकदा नामंजूर म्हणाले की संपलं." ती रडत होती. मी दहावीत होते आणि मला वाटायचं जगातलं काहीही शिकवलं की शिकता येतं. म्हणून पुढच्या सुट्टीला आम्ही दोघी बिरवाडीला, ताईच्या मैत्रिणीच्या घरी, आनंदाला मासा शिकवायला गेलो. मी गुरुजी. सुका बांगडा भाजून पुढे ठेवला आणि सांगितलं, "काटा दिसला की घाबरायचं नाही. बोटांनी चाचपायचं. जीभ पुढे, दात मागे." तो घाम पुसत पुसत ऐकत होता. म्हणाला, "आमच्याकडं मटनाचं हाड दिसतं तरी. ह्यो लपून बसतूय." पण पोरगा जिद्दीचा. दोन-तीन खेपांत तुकडा सोलून खाण्यापर्यंत त्याची मजल गेली. काटा काढून ताटाच्या कडेला ठेवायचा, एकेक, नीट ओळीनं. डोक्याचं मात्र आम्ही त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याच दिवशीची साताऱ्याची गाडी त्यानं धरली असती. मनात मी ठरवलं होतं की बाजारात अण्णांना कोळंबीकडे वळवायचं. कोळंबीला डोकं असतं, पण ते वाढण्याजोगं नसतं.

रविवारी सकाळी मी अण्णांच्या मागे पिशवी घेऊन निघाले. उधाणानं बाजार भरलेला. पाटीत जिताडे चमकत होते, पलीकडे कोळंबी अजून उड्या मारत होती. मी म्हटलं, "अण्णा, कोळंबी बघा ना, किती ताजी." अण्णा म्हणाले, "बघितली." मी म्हटलं, "घाटावरच्यांना कोळंबी आवडते म्हणे." अण्णांनी वळून पाहिलं. "कोण म्हणे?" मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीतला मध्यम, लहान डोक्याचा एक छान जिताडा मी मनातल्या मनात धरला होता. दुसऱ्या फेरीला तो होता. तिसऱ्या फेरीला अण्णा उकिडवे बसले, कल्ला उचलला, अंगठा दाबला, हुंगला, आणि तो ठेवून दुसऱ्याकडे वळले, तेवढ्यात कंपाउंडर आला आणि चालता चालता तो उचलून गेला. अण्णांनी दात-ओठ खाल्ले. तोवर बाकीचे जिताडेही खपले होते; उरला होता एकच, चांगूबाईच्या पाटीच्या तळाशी, आणि त्याचं डोकं एवढं, की धड त्याच्यामागून आल्यासारखं वाटावं. अण्णांचा चेहरा उजळला. "हे बघ डोकं. याला म्हणतात मान." चांगूबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "कोनाला वाडनार गो ह्या? तो बिचारा जेवल का भिऊन पडल?" मला तिचे पाय धरावेसे वाटले, पण अण्णांनी पेन लावलेल्या खिशावर हात मारून म्हटलं, "मंजूर."

आनंदा आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना तेल लावून. उंबऱ्यात वाकून सगळ्यांना जयभीम घातला. अण्णा आणि तो जेवायला बसले; आई वाढत होती; ताई स्वयंपाकघराच्या दाराआड आणि मी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या घेऊन. तळलेली तुकडी आली. आनंदानं बोटांनी चाचपून काटा काढला, कडेला ठेवला, खाल्लं. दुसरी तुकडी, दुसरा काटा. अण्णा डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते आणि त्यांची मिशी हळूहळू सैल होत होती. ताईनं माझा दंड सोडला. कालवण-भातही निम्मा झाला. आणि मग अण्णा म्हणाले, "आता डोकं आणा."

आईनं डोकं आणलं. एका ताटलीत मावत नव्हतं म्हणून परातीत ठेवलं होतं. लाल रश्श्यातून वर आलेलं, तोंड किंचित उघडं. तिनं ते आनंदाच्या ताटात उतरवलं, आणि त्याचा भात त्याखाली दिसेनासा झाला. अण्णांनी घसा खाकरून आजोबांचा सगळा कायदा सांगितला: मान, शब्द, आणि तोवरचा गप्पपणा. "आता हे आपण घ्या. आपलं झालं की बोलू." आनंदा त्या डोक्याकडे बघत राहिला.  शेवटी हलकेच म्हणाला, "ह्यो बघतूय माझ्याकडं."

"बघणारच," अण्णा म्हणाले. "ताजा आहे."

 दारातलं मांजर तेवढं एकदा ओरडलं. आनंदानं हात पुढे केला, मागे घेतला. पुन्हा पुढे केला. बोट माशाच्या ओठापर्यंत गेलं आणि आतले दात लागले तसं परत आलं. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच राहिला होता, आणि ते ज्या नजरेनं त्या ताटाकडे बघत होते त्यावरून मला पक्कं कळलं की त्यांना आत्याच्या नवऱ्याचं ते ताट दिसतंय.  ताईची बोटं पुन्हा माझ्या दंडात रुतली होती. अण्णांनी डावा हात चष्म्याकडे नेला.

तेवढ्यात आनंदा ताट घेऊन उभाच राहिला. मला वाटलं, चालला हा! पण तो बाहेर न जाता स्वयंपाकघराच्या दाराशी आला. "आई, तुमचं ताट कुटं हाय?"

आई गोंधळली. "माजं? मी मागनं जेवत्ये."

"मग ह्ये तुमीच खावा. आमच्यात शिजवनाऱ्याला पैला मान आस्तूय." असं म्हणून त्यानं ताट, डोक्यासकट, आईच्या हातात दिलं. हे धादांत खोटं होतं. आमच्या दाजींनी पुढे कित्येक वर्षांनी, तिसरी तुकडी खाता खाता, कबूल केलं की त्यांच्या घरी असला काही रिवाज नव्हता आणि खिडकी मोठी असती तर त्यांनी डोकं खिडकीतूनच टाकलं असतं. पण त्या दिवशी ते त्यांच्या तोंडून अगदी गाथेसारखं आलं.

अण्णा म्हणाले, "अहो, असं करता येत नाही. मान परत फिरवायचा नसतो."

"फिरवत न्हाई जी. तुमी दिला, मी घेतला. माझा झाला. माझा हाय म्हून मी त्यांस्नी दिला."

 जन्मभर कचेरीत ज्यांनी लोकांना नियमांवर बोट ठेवून परत पाठवलं, त्या अण्णांना आजोबांच्या नियमात बोट ठेवायला जागा सापडेना. मान घेतल्यावर पुढे द्यायचा नाही असं आजोबा कधी बोललेच नव्हते. बहुधा तसं कुणी करील असं त्यांच्या मनातच आलं नसावं. आईनं अण्णांकडे पाहिलं. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मग आईनं पदर खोचला, तिथेच उंबऱ्याला लागून बसली, आणि ताट पुढे ओढलं.

आईला जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं असं म्हटलं तरी चालेल. तिनं आधी अंगठ्यानं गालाचा मांसल भाग अख्खा सोडवला, एकाच झटक्यात. मग जबड्याखालचा मऊ पट्टा. मग डोळा, आणि डोळ्यामागची ती चरबी. कल्ल्याजवळची हाडं एकेक सुटी केली, चोखली, बाजूला ठेवली. घाई नाही, आवाज नाही. मध्येच रश्श्यात भाकरी बुडवायची. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फक्त आत्या मे महिन्यात जेवायची तेव्हा तिच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. तेव्हा आम्ही हसायचो. आता मला हसता येईना. आनंदा काही बोलायला गेला तसं अण्णांनी बोट वर करून त्याला थांबवलं. "थांबा. त्यांचं व्हायचंय." कायदा तो कायदा. आम्ही सगळे थांबलो. अण्णांच्या ताटातला भात गार झाला, मांजर कंटाळून निघून गेलं, दाराआड ताई एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. तिच्या लग्नाचा निकाल आईच्या बोटांत अडकला होता आणि आईची बोटं टाळूजवळच्या एका हाडात.

शेवटी ताटात उरली ती नुसती हाडं, पांढरी, कोरडी, एकावर एक रचलेली. आजोबा असते तर त्यांनी उठून आरोळी मारली असती. अण्णा त्या ताटाकडे बघत राहिले. त्यांना स्वतःला इतकं नीट कधी खाता आलं नव्हतं, आणि ते त्यांना कळत होतं.

"हे कुठे शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"शिकत्ये कुठं?" आई बोटं चोखत म्हणाली. "लगीन झाल्यापासनं तुमची उष्टी ताटं काडत्ये. तुमचे बाबा गाल सोडायचे. तुमी डोल्यामागचं सोडताव. सगल्यात गोड ता तुमी बापलेक सोडत आलाव. मी काय ता मांजराला घालत व्हते?"

 मग आई आनंदाकडे वळली. आता शब्द तिचा होता. "माज्या पोरीला मासे खाव देशील काय रे?"

आनंदा हात जोडून उभा होता, हाताला कालवण तसंच. "मला ह्ये जमंल न जमंल. खोटं कशाला बोलू? पर त्या म्हंतील तवा आनून दीन, डोक्यासकट. फकस्त मासा घ्याचा कसा तेवडं कुनीतरी दावा."

"मी दाखवतो," अण्णा घाईनं म्हणाले.

"ऱ्हावंद्या," आई म्हणाली. "तुमच्यासंगं गेला तर बाजार उठंपत्तुर हुबा ऱ्हाईल, आनि मासा जाईल कंपाउंडरच्या घरी. मी दावीन. आजपासनं बाजाराला मीच जाईन." मग तिनं दाराआड हाक मारली, "कमल, ये भायेर. रडतंयस कित्याला? दिली तुला."

ताई बाहेर आली आणि तिथेच खाली बसून हसायला लागली, की रडायला, ते तिचं तिलाच कळत नव्हतं. आनंदा ताईकडे बघत होता, मी आनंदाकडे, आणि अण्णा अजून त्या रचलेल्या हाडांकडे. त्यांनी चष्मा काढला होता, पण पुसायचं विसरून नुसता हातात धरला होता. आईनं रिकामं झालेलं ताट जरासं पुढे सरकवलं.

"आवं, बघत काय बसलाव? रस्सा ऱ्हायलाय अजून. मना भात वाडा."

अण्णा उठले. हात धुतले, लेंगा सावरला आणि स्वयंपाकघरात शिरले. आत थोडा वेळ झाकणं उघडल्याचा आणि पडल्याचा आवाज येत राहिला. मग ते हातात रिकामा डाव घेऊन दारात आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "भाताचं पातेलं कुठे असतं?"

आईनं बसल्या जागेवरून, कालवणानं माखलेल्या बोटानं, चुलीकडे दाखवलं.